बायबल-चिकित्सा आणि मराठी ख्रिस्ती परंपरा

बायबल-चिकित्सा म्हणजे बायबलमधील ग्रंथांचा भाषा, पाठ, रचनाकाल, वाङ्मयप्रकार आणि सामाजिक पार्श्वभूमी या अंगांनी केलेला पद्धतशीर अभ्यास होय. आधुनिक अर्थाने हा अभ्यास सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात सुरू झाला आणि एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत भरभराटीस आला. महाराष्ट्रात तो मिशनरी, भाषांतरकार आणि धर्मशिक्षणसंस्था यांच्या मार्गाने पोहोचला. मराठी ख्रिस्ती समाजाच्या श्रद्धेवर व व्यवहारावर त्याचा जो परिणाम झाला, त्याचे काही महत्त्वाचे टप्पे नागपूर आणि विदर्भाशी निगडित आहेत.

'चिकित्सा' या शब्दामुळे काही वाचकांचा गैरसमज होतो. येथे त्याचा अर्थ दोष काढणे असा नसून बारकाईने पारखणे असा आहे. मराठी वाचकाला ही पद्धत अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. बायबलच्या पाठचिकित्सेतही हेच काम चालते. फक्त हस्तलिखितांची संख्या आणि भाषा वेगळ्या आहेत.

पाठ आणि इतिहास

बायबल हा एक ग्रंथ नसून अनेक शतकांत रचलेल्या ग्रंथांचा संग्रह आहे. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत, थोडा भाग अरामी भाषेत, तर नवा करार ग्रीक भाषेत आहे. मूळ लेखकाच्या हातची एकही प्रत उपलब्ध नाही. जे आहे ते नकलांच्या नकला. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांमुळे अभ्यासकांना आधीच्या हिब्रू हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षे जुने पाठ मिळाले. यशयाच्या ग्रंथाची मोठी गुंडाळी त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे. तिच्यात लहानमोठे पाठभेद पुष्कळ आहेत, तरी ग्रंथ ओळखू येतो तो तोच. नव्या करारातही असे प्रश्न आहेत. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील शेवटची बारा वचने सिनाई व व्हॅटिकन या दोन प्राचीन हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचाराच्या आरोपात धरलेल्या स्त्रीची योहानकृत शुभवर्तमानातील कथाही सर्वांत जुन्या प्रतींत आढळत नाही. ती कथा नंतर जोडली गेली असे बहुतेक अभ्यासक मानतात, पण ती वाचणे चर्चने सोडलेले नाही. एखादा उतारा मूळ लेखकाचा आहे की नाही, आणि तो उपासनेत वाचावा की नाही, हे दोन निराळे प्रश्न असल्याचे यावरून दिसते.

उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत सृष्टीच्या निर्मितीचे दोन वृत्तांत आहेत. पहिल्यात सहा दिवसांचा क्रम असून मनुष्य सर्वांच्या शेवटी निर्माण होतो. दुसऱ्यात मनुष्य आधी घडवला जातो आणि झाडे व प्राणी नंतर येतात. देवाचे नावही दोन्हीत वेगळे आहे. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी बॅबिलोनी मृत्तिकापट्टांवरील जलप्रलयाची कथा जाहीर केल्यावर हे वृत्तांत प्राचीन पश्चिम आशियाच्या पार्श्वभूमीवर वाचले जाऊ लागले. पहिला वृत्तांत बॅबिलोनमधील बंदिवासाच्या सुमारास सिद्ध झाला असे मत व्यापकपणे मान्य आहे. त्या जगात देवाची प्रतिमा म्हणून राजाकडे पाहिले जाई. येथे मात्र ती पदवी स्त्री आणि पुरुष अशा सर्व मानवजातीला दिली आहे. ही गोष्ट केवळ शब्द वाचून ध्यानात येत नाही. शेजारच्या संस्कृतीचे ज्ञान असल्याशिवाय तिची धार कळत नाही.

स्टीफन हिस्लॉप आणि नागपूरचे खडक

फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शहरातील हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये स्थापन झाले आणि त्यांचेच नाव त्यास देण्यात आले. धर्मोपदेशक आणि शिक्षक म्हणून त्यांची ओळख आहेच. तथापि विज्ञानाच्या इतिहासात ते भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून अधिक ओळखले जातात. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नागपूरजवळील टाकळी येथे लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेले गोड्या पाण्यातील प्राणी व वनस्पती यांचे अवशेष आणि मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी ही त्यांच्या संग्रहातील उल्लेखनीय उदाहरणे होत. हिस्लॉपाइट या खनिजाला त्यांचे नाव आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना पुरात बुडून त्यांचा मृत्यू झाला.

या माहितीचा बायबल-चिकित्सेशी संबंध असा की, हिस्लॉप ज्या काळात दगड फोडून जीवाश्म गोळा करीत होते, त्याच काळात पृथ्वीचे वय आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय यांचा मेळ कसा घालावा हा प्रश्न ब्रिटनमधील ख्रिस्ती समाजापुढे उभा होता. त्यांच्याच चर्चमधील भूगर्भशास्त्रज्ञ ह्यू मिलर यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सृष्टीचे सहा दिवस म्हणजे सहा दीर्घ कालखंड असा अर्थ मांडला. पुढील काळातील अभ्यासकांनी ही तडजोडही सोडून दिली. उत्पत्तीचा अध्याय खडकांविषयी काही सांगतच नाही, तो उपासनेच्या भाषेतील घोषणा आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. शाळेत विज्ञान शिकणाऱ्या आणि रविवारी उपासनेला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. मिलर यांच्या मार्गाने गेल्यास प्रत्येक नव्या शोधाबरोबर अर्थ बदलत राहावा लागतो. दुसऱ्या मार्गाने गेल्यास तसे करावे लागत नाही.

भाषांतर : चिकित्सेचे पहिले क्षेत्र

मराठीत बायबल-चिकित्सा प्रथम भाषांतराच्या रूपाने आली. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने केलेले मत्तयकृत शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये छापला गेला. पुढे मुंबईतील अमेरिकन मराठी मिशन व बायबल सोसायटी यांनी सुधारित भाषांतरे सिद्ध केली. त्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात प्रसिद्ध झाले होते. परंतु ते भाषांतर नसून ओवीबद्ध स्वतंत्र कथन आहे.

पंडिता रमाबाई यांचे भाषांतर या इतिहासात एकाकी उभे आहे. त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मुळावरून मराठीत आणले. केडगावच्या मुक्ति मिशनमधील स्त्रियांनी छापखान्याचे काम शिकून घेऊन ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले; पूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषांतरांची मराठी संस्कृतप्रचुर असून सामान्य, विशेषतः अल्पशिक्षित स्त्रियांना ती कळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. शिवाय अनेक संस्कृत शब्द स्वतःबरोबर जुन्या धर्मकल्पना घेऊन येतात, म्हणून त्यांनी ते टाळले. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या आणि त्याच विद्येसाठी 'पंडिता' ही पदवी मिळालेल्या विदुषीने असा निर्णय घ्यावा, हे लक्षणीय आहे. वाङ्मयीन दृष्ट्या त्यांचे भाषांतर काही ठिकाणी खडबडीत वाटते आणि चर्चमध्ये ते फारसे रूढ झाले नाही. तरीही एका मराठी स्त्रीने युरोपीय मंडळाची मध्यस्थी न मानता मूळ भाषांशी थेट नाते जोडले, ही त्याची खरी किंमत आहे.

भाषांतरात श्रद्धा कशी गुंतलेली असते याचे ठळक उदाहरण यशयाच्या सातव्या अध्यायातील चौदावे वचन होय. हिब्रू पाठात तेथे 'अल्मा' हा शब्द आहे. त्याचा अर्थ तरुण स्त्री असा होतो. ख्रिस्तपूर्व काळात झालेल्या ग्रीक भाषांतरात 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, हा शब्द आला आणि मत्तयाने येशूच्या जन्मकथेत तोच उद्धृत केला. मूळ संदर्भात संदेष्टा आहाज राजाशी, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील एका युद्धप्रसंगी बोलत आहे. मग मत्तयाने केलेला उपयोग चुकीचा ठरतो काय? या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर शोधणाऱ्या अभ्यासकांत पुण्यातील एका जेझुइट धर्मपंडिताचे नाव महत्त्वाचे आहे.

जॉर्ज सोरेस-प्रभू

जॉर्ज सोरेस-प्रभू (१९२९–१९९५) हे पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात नव्या कराराचे प्राध्यापक होते. मत्तयाच्या जन्मकथेतील अवतरणांवरचा त्यांचा प्रबंध १९७६ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाला. संदेष्ट्यांचे वचन पूर्ण व्हावे म्हणून अमुक घडले, अशा ठरावीक सूत्राने मत्तय ही अवतरणे देतो. त्यांतील एक होशेयाच्या ग्रंथातून घेतले आहे. तेथे मिसरातून बोलावलेला पुत्र म्हणजे इस्राएल राष्ट्र आहे. नासरेथविषयीचे दुसरे अवतरण तर जुन्या करारात शब्दशः कोठेच सापडत नाही. अशा अवतरणांकडे भविष्यकथनाचे पुरावे म्हणून पाहिल्यास ती दुबळी ठरतात. इस्राएलाचा सारा इतिहास येशूच्या जीवनात पुन्हा जगला जातो, हे सांगण्याची मत्तयाची रीत म्हणून ती वाचल्यास त्यांचा हेतू उलगडतो.

पाश्चात्त्य चिकित्सापद्धतीत पारंगत असूनही सोरेस-प्रभू तिच्याविषयी समाधानी नव्हते. १९८० च्या एका निबंधात त्यांनी भारतीय बायबल-वाचनाची दिशा सुचवली. ऐतिहासिक पद्धती ग्रंथाच्या भूतकाळाविषयी अचूक उत्तरे देते, पण भारतीय वाचकाचे प्रश्न वेगळेच असतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे प्रश्न दोन ठिकाणांहून येतात : देशातील घोर दारिद्र्य व जातिव्यवस्था, आणि येथील जिवंत धर्मपरंपरा. बायबलमधील 'गरीब' हा केवळ नम्र वृत्तीचा भाविक नसून एक सामाजिक वर्ग आहे, हेही त्यांनी मूळ शब्दांच्या अभ्यासाने दाखवले.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधाला नागपूरच्या वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. मत्तयाच्या शेवटी पुनरुत्थित येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा देतो; विनयपिटकातील महावग्गात बुद्ध आपल्या मुक्त झालेल्या भिक्षूंना बहुजनांच्या हितासाठी व सुखासाठी चारिका करण्यास सांगतात. सोरेस-प्रभूंनी हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचले. मत्तयात पाठवणाऱ्याच्या अधिकारावर भर आहे, तर महावग्गात पाठवल्या जाणाऱ्यांच्या मुक्त अवस्थेवर आणि ज्यांच्याकडे जायचे त्यांच्या कल्याणावर. केरी यांनी १७९२ मध्ये याच मत्तयवचनाच्या आधारे परदेशी मिशनकार्याचे समर्थन केले आणि नंतरच्या काळात ते वसाहतवादाच्या सावलीत वाचले गेले. बौद्ध पाठाच्या सान्निध्यात ते वचन सेवेची आज्ञा म्हणून पुन्हा ऐकू येते, असा या तुलनेचा रोख आहे.

नागपुरात हा विषय पुस्तकी राहत नाही. मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनरींच्या कार्याच्या चौकशीसाठी १९५४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी होते. समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला आणि त्यात धर्मांतराच्या कार्यावर कठोर टीका होती. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या सोहळ्यात धम्म स्वीकारणाऱ्यांत स्वतः नियोगीही होते. धर्म बदलणे म्हणजे काय, ते कोणाच्या अधिकाराने आणि कोणाच्या हितासाठी, हे प्रश्न एकाच शहरात एकाच वर्षी इतक्या तीव्रतेने विचारले गेल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

दलित धर्मविचार

महाराष्ट्रातील धर्मपंडित अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील व्याख्यानात शूद्रांच्या धर्मविचाराची गरज मांडली. पुढे यातूनच दलित ख्रिस्ती धर्मविचार आकारास आला. अनुवाद या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली शेतकरी पहिले पीक अर्पण करताना आपला पूर्वज भटका अरामी होता, असे म्हणून आपला इतिहास सांगतो. अभ्यासकांनी या उताऱ्यास इस्राएलाचे प्राचीन श्रद्धाकथन मानले होते. निर्मळ यांनी त्याच नमुन्यावर दलित ख्रिस्ती माणसाने आपल्या पूर्वजांचा इतिहास उच्चारावा असे सुचवले. भटक्या अराम्याला फिरण्याचे तरी स्वातंत्र्य होते, दलित पूर्वजाला तेही नव्हते, हा भेद त्यांनी नोंदवला.

येशूने यरुशलेमच्या मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलले, त्या प्रसंगाचा त्यांनी लावलेला अर्थही याच दिशेचा आहे. हा बाजार मंदिराच्या ज्या बाहेरील अंगणात भरत असे, तेवढीच जागा परराष्ट्रीयांना प्रार्थनेसाठी मोकळी होती. त्यामुळे येशूची कृती म्हणजे बाहेर ठेवलेल्यांच्या उपासनेच्या हक्काची पुनःस्थापना ठरते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुरातत्त्व व इतिहास यांच्या आधाराशिवाय मात्र तो केवळ भावनिक साधर्म्य ठरला असता.

चर्चचे ऐक्य आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांचे विलीनीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. वाटाघाटी कित्येक दशके चालल्या होत्या आणि त्यांतील अवघड प्रश्नांपैकी एक बाप्तिस्म्याचा होता. अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन परंपरा बालकांना बाप्तिस्मा देत, बॅप्टिस्ट परंपरा केवळ स्वतः श्रद्धा व्यक्त करणाऱ्यांना. नव्या कराराची साक्ष निर्णायक नाही, हे विसाव्या शतकातील संशोधनातून अधिकाधिक स्पष्ट झाले होते. प्रेषितांच्या कृत्यांत संपूर्ण घराण्याच्या बाप्तिस्म्याचे उल्लेख आहेत, पण त्यांत बालके होती असे कोठेही म्हटलेले नाही. जर्मनीत योआखिम येरेमियास आणि कुर्ट आलांड यांच्यातील वाद १९५८ नंतर याच मुद्द्यावर रंगला. नव्या चर्चने दोन्ही प्रथांना समान स्थान दिले. एखाद्या कुटुंबाने बाळाचा बाप्तिस्मा करावा की समर्पणविधी करून पुढे मुलाच्या निर्णयाची वाट पाहावी, हा निर्णय त्या कुटुंबाकडे आला. ग्रंथ जेथे मौन आहे तेथे सक्ती नको, हा अभ्यासातून आलेला विवेक येथे घराघरांत पोहोचला. भारतातील एपिस्कोपल मेथडिस्ट चर्च मात्र अखेरच्या टप्प्यावर या ऐक्यातून बाहेर राहिले.

मतभेद

चिकित्सेविषयी ख्रिस्ती समाजात एकमत नाही. रोमन कॅथोलिक चर्चने प्रारंभी तिला विरोध केला. १९४३ मध्ये बारावे पायस यांच्या परिपत्रकाने मूळ भाषा व वाङ्मयप्रकार यांच्या अभ्यासाला मोकळीक दिली आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती पक्की केली. नागपूरच्या सेमिनरी हिल्स या भागाला ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे नाव मिळाले, तेथेही धर्मगुरूंचे शिक्षण या बदलानंतर नव्या पायावर उभे राहिले. इव्हँजेलिकल परंपरेतील युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळ येथे सुरू झाली व १९८३ मध्ये पुण्याला हलली. मूळ भाषांचा काटेकोर अभ्यास आणि बायबलच्या विश्वसनीयतेचा ठाम आग्रह या परंपरेत एकत्र नांदतात. चमत्कार घडूच शकत नाहीत हे आधीच गृहीत धरणारी चिकित्सा निःपक्षपाती नसते, हा तिचा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही.

दुसरा आक्षेप साध्या भाविकांकडून येतो. कवी नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना कोणत्याही भाष्याची गरज पडली नव्हती. तथापि त्यांच्या हातातील तो नवा करार हाही कोणा संपादकांनी हस्तलिखिते पडताळून आणि कोणा भाषांतरकारांनी शब्द तोलूनच सिद्ध झालेला होता.

मराठीतील साधने

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या विषयावरील बहुतेक लेखन इंग्रजीत झाले. नागपूर हे नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या संस्थेचे मुख्यालय आहे. तिचे मुखपत्रही इंग्रजीच आहे. सोरेस-प्रभू यांचे लेख त्यांच्या मृत्यूनंतर पुण्याहून ग्रंथरूपाने निघाले, तेही इंग्रजीत. मराठीत प्रस्तावना व टिपांसह बायबल उपलब्ध करून देण्याचे मोठे काम वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' या राजहंस प्रकाशनाच्या ग्रंथाद्वारे केले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथाचा वाचक चर्चपुरता मर्यादित राहिला नाही; ख्रिस्ती नसलेल्या मराठी घरांतही तो संदर्भासाठी वापरला जातो.